तुम्ही विचारलंत म्हणून: अकरा सर्व्हिसेसची एक का केली

‘सर, तुम्हाला कुबरनेटिस येते, लॅम्ब्डा येते, मग तुमचं सॉफ्टवेअर एकाच ढेपेत काऊन?’ मुलाखतीला आलेला प्रत्येक दुसरा मुलगा शेवटी हे विचारतोच. (कुबरनेटिस म्हणजे अनेक छोटे प्रोग्राम एकत्र सांभाळणारी यंत्रणा; लॅम्ब्डा म्हणजे विनंती आली की तेवढ्यापुरता कोड चालवणारी अ‍ॅमेझॉनची सेवा; ढेप म्हणजे सगळं एकाच प्रोग्राममध्ये.) नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कबाहेर तर्री-पोहे खाताना जुने सहकारीही विचारतात, फक्त ते ‘सर’ म्हणत नाहीत. आजवर मी हसून ‘आमचं काम लहान आहे’ म्हणत आलो. ते पूर्ण खरं नाही.

जमलं नाही म्हणून सोडलं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ऐकावं. 2019 साली आम्ही पाच जण होतो आणि आमच्या सर्व्हिसेस, म्हणजे एकमेकींशी बोलणारे स्वतंत्र छोटे प्रोग्राम, अकरा. अडत्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर: आवक, वजन, उचल (शेतकऱ्यानं आगाऊ घेतलेले पैसे), पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती), एसएमएस, ज्याची त्याची वेगळी डॉकर इमेज (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं बांधलेलं गाठोडं), वेगळी पाइपलाइन (ते सर्व्हरवर चढवायची स्वयंचलित वाट). तेव्हाचा मी आज भेटला तर भांडेल. म्हणेल, अंबिया बहाराच्या तोडणीत कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या गाड्या लागतात तेव्हा सकाळी लोड एकदम चढतो, दुपारनंतर सगळं शांत. याला लॅम्ब्डा नाही तर काय वापरायचं? यात त्याचं चूक नाही. पण त्याला बायोडेटात कुबरनेटिस हा शब्दही हवा होता, हे तो कबूल करणार नाही.

नोव्हेंबरची सकाळ होती. काट्यावरच्या नोंदी लॅम्ब्डाकडे येत होत्या. लॅम्ब्डाची एक प्रत एका वेळी एकच विनंती हाताळते, म्हणून गर्दी वाढली की प्रती वाढतात, आणि आमची प्रत्येक प्रत डेटाबेसशी स्वतःचं कनेक्शन उघडायची. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस, त्याची मूळची मर्यादा 100 कनेक्शनची. आम्ही तिला हातही लावला नव्हता. नऊच्या सुमारास लॉगमध्ये एकच ओळ धो धो वाहू लागली: ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’, म्हणजे कनेक्शन संपली.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी आज हे लिहीत नसतो. वजन झालं की रांगेत एक संदेश पडायचा, वर्कर तो उचलून आधी उचल सर्व्हिसला वजावट करायला सांगायचा, मग पट्टी सर्व्हिसला पट्टी करायला. उचल सर्व्हिसनं आपली कनेक्शन आधीच धरून ठेवलेली; ती वजावट करून मोकळी. पट्टी सर्व्हिस नुकतीच रीस्टार्ट झालेली, तिला कनेक्शन मिळेना. ही रांग म्हणजे अ‍ॅमेझॉनची एसक्यूएस. तिच्यातून घेतलेला संदेश काम संपवून पुसला नाही, तर वेगळं काही न सांगितल्यास 30 सेकंदांनी तो पुन्हा हाती येतो. हा बिघाड नव्हे, ठरवून दिलेली सोय आहे. पुन्हा आला, पुन्हा वजावट. पट्टी निघाली ती तिसऱ्या फेरीत.

फोन आला तेव्हा मी गाडीला किक मारून कळमन्याला पोचलो. काटोलकडचे एक काका छापील पट्टी हातात घेऊन उभे होते. माल 96,400 रुपयांचा. उचल 40,000, उचल 40,000, उचल 40,000. खाली उणे 23,600, हमाली-तोलाई वेगळीच. बागेचा माल विकून वर देणं निघालं होतं माणसाचं.

‘भाऊ, म्या उचल एकडाव घेतली. तीनदा काऊन कापली?’

ते चिडलेले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. मी डेटाबेसबद्दल काहीतरी पुटपुटलो. अडत्यांनी गल्ल्याखालून जुनी वही काढली, पान उलगडून माझ्यापुढं धरलं. ‘हे पाहा. इथं दुसऱ्यांदा कापाले गेलं तर वरची ओळ दिसते.’

त्या दिवशी आणखी सतरा पट्ट्या अशा निघाल्या. रात्री दोनपर्यंत हातानं दुरुस्त केल्या.

एकच ॲप्लिकेशन असतं तर वजावट आणि पट्टी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असती. दोन्ही झालं असतं, नाहीतर काहीच नाही. हे माझं ठरलेलं उत्तर. पण रात्री झोप लागत नाही तेव्हा दुसरं सुचतं: वजावटीला पट्टीचा क्रमांक जोडून त्यावर युनिक बंधन (तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नाकारणारा डेटाबेसचा नियम) घातलं असतं, तरी दुसरी नोंद पडलीच नसती. एका ओळीचं काम होतं. मग मी मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे त्या अकरा छोट्या सर्व्हिसेस, सोडल्या की स्वतःची चूक त्यांच्या अंगावर टाकली? खरंच सांगता येत नाही. युनिक बंधन आता आहे, आणि ढेपही आहे.

तसं बघितलं तर अजूनही सगळं डॉकरमध्येच चालतं, फक्त इमेज एक आहे. रात्रीचा अहवाल तर लॅम्ब्डाच बनवते, आणि बहार संपल्यावर तिचं बिल पाहून मला जुनाच मोह होतो.

गेल्या महिन्यात नव्या मुलानं एसएमएस वेगळा काढायचा आराखडा आणला. मी चुका शोधायला बसलो. एकही सापडली नाही. अंबिया उरकू दे, मग बघू, म्हणालो. तो म्हणाला, ‘सर, मागच्या वर्षी बी हेच म्हणाले होते तुम्ही.’