कॅम्परव्हॅनने म्युनिक ते ब्लेड, आई-बाबांना घेऊन: माझा अनुभव

कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, म्हटलं की सगळे पहिलं हेच विचारतात, एवढं धूड चालवायची भीती नाही का वाटली. खरं सांगू का, चालवणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. पहिला तासभर आरशात बघून बघून मान अवघडते, मग सवय होते. खरं काम गाडी थांबल्यावर सुरू होतं. पाणी भरा, लाइट जोडा, सांडपाणी सोडा, संडासाचा डबा रिकामा करा, म्हणजे घरी नगरपालिका जे जे करते ते इथे आपलं आपण. हे ज्याला जमलं त्याची ट्रिप मस्त, बाकी तळी-डोंगर काय, तिकडे कुठेही जा, सुंदरच आहेत.

आम्ही म्युनिकला राहतो आणि आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आले होते. ऑस्ट्रिया, इटली, स्लोव्हेनिया सगळं शेंगेनमध्येच येतं त्यामुळे व्हिसाचा वेगळा व्याप नव्हता, पण पासपोर्ट मात्र हाताशी ठेवा, कारण इटलीत कॅम्पसाइटवाले प्रत्येकाचा मागतात (पाहुण्यांची नोंद त्यांना पोलिसांकडे पाठवावी लागते) आणि ऑस्ट्रियातून जर्मनीत परत येताना बॉर्डरवर बऱ्याचदा चेकिंग असतं. भारतीय लायसन्स जर्मनीत राहायला आल्यावर सहाच महिने चालतं, पुढे थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. घरात ते दिव्य फक्त मी केलंय, म्हणून गाडी मी चालवली आणि नवऱ्याकडे नकाशा, टोल आणि खाऊ.

तारखा ठरवताना शाळेच्या सुट्ट्या आधी बघायच्या. बव्हेरियातल्या शाळा सप्टेंबरच्या मध्याला उघडतात, तोपर्यंत इटलीतल्या लेक गार्डा या तळ्याला निम्मं म्युनिकच असतं, जागा मिळत नाही आणि मिळाली तर अमुक इतक्या रात्री राहायलाच पाहिजे अशी अट घालतात. आम्ही शाळा उघडल्यावर निघालो, सगळीकडे आरामात जागा मिळाली आणि ऑफ सीझनला एसीएसआय या कॅम्पिंग संस्थेच्या डिस्काउंट कार्डवर रेटही कमी होतो तो वेगळाच.

गाडी बुक करताना झोपायच्या जागा आणि बेल्टवाल्या सीट हे दोन आकडे वेगवेगळे वाचा, चार जण झोपतील अशा गाडीत कधीकधी बेल्ट तिघांनाच असतात. आम्ही ड्रायव्हरच्या डोक्यावर माळा असलेली घेतली. माळ्यावर आम्ही दोघं, कारण शिडी चढणं बाबांच्या गुडघ्याला शक्यच नव्हतं, आणि मागचा पलंग आई-बाबांना.

मग वजन. साध्या कारच्या लायसन्सवर ३५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते, आणि त्या ३५०० मध्ये गाडी, गॅस, पाणी, माणसं, बॅगा सगळं आलं. रिकामी गाडीच तीन टनाच्या आसपास असते. उरलेल्या पाचशे किलोतून चार माणसं वजा करा आणि टाकीत १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो तेही करा. जास्त भरलं तर दंड होतो. आईने कणीक, तांदूळ, डाळी, कुकर, खलबत्ता असं सगळं काढून ठेवलं होतं. खलबत्त्यावर अर्धा तास चर्चा झाली, शेवटी तो घरी राहिला आणि पाण्याची टाकी आम्ही अर्धीच भरली. पाणी कॅम्पसाइटवर मिळतंच.

टोलचं गणित जरा किचकट आहे पण एकदा समजलं की संपलं. ऑस्ट्रियाला हायवेसाठी विन्येट, म्हणजे ठरावीक दिवसांचा टोलचा पास, लागतं, दहा दिवसांचं मिळतं. पण ब्रेनर आणि टाउर्न हे हायवे आणि कारावांके बोगदा यांचे पैसे त्याच्या वर वेगळे. इटलीत मशीनमधून तिकीट घ्यायचं आणि बाहेर पडताना पैसे भरायचे. स्लोव्हेनियाचं विन्येट ऑनलाइन, गाडीच्या नंबरवर, छोट्यात छोटं आठवड्याचं. आणि इटलीत झेडटीएल (परवानगी असलेल्या गाड्यांनाच प्रवेश) अशी पाटी दिसली की त्या गल्लीत शिरायचं नाही, कॅमेरे असतात, दंड घरी येतो.

पहिला मुक्काम गार्डाच्या उत्तर टोकाला टोर्बोले. पोचायचं ते दुपारी एकच्या आत, कारण बऱ्याच ठिकाणी एक ते तीन गेट बंद करतात आणि आपण बाहेर उन्हात बसतो. जागेवर लागल्यावर पहिलं काम गाडी सपाट करणं. हे नुसतं झोपेसाठी नाही, आमच्या गाडीतला फ्रिज गॅसवरही चालणारा होता आणि तसले फ्रिज तिरक्या गाडीत नीट थंडच होत नाहीत. मोबाइलमध्ये त्याचं ॲप असतं, पण बाबांनी ओट्यावर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवली आणि दारात उभं राहून "अजून, अजून, बास!" करत मला चाकाखालच्या पाचरांवर चढवलं. ॲपपेक्षा भारी काम झालं.

मग लाइट. निळा, गोल, तीन पिनांचा प्लग असतो, वायर ड्रमवर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडायची, गुंडाळलेली तापते. आणि खांबावर किती अँपिअर लिहिलेत ते बघायचं. ६ अँपिअर असेल तर २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॉट. साधी इलेक्ट्रिक किटली २००० वॉटची असते, लावली की ट्रिप, आणि खांबावरचा डबा कुलूपबंद असेल तर रिसेप्शनच्या माणसाला शोधत फिरा. त्यामुळे चहा, कुकर सगळं गॅसवर. फोडणी मात्र आत नाही! भाड्याची गाडी आहे, गाद्यांना हिंगाचा वास लागला की गेला नाही. बाहेर छोटी शेगडी मांडून आईने आमटी केली, शेजारचं डच जोडपं दोनदा येऊन बघून गेलं.

टोर्बोलेला दुपारी दक्षिणेकडून ओरा नावाचा वारा सुटतो, विंडसर्फिंगवाले त्याच्यासाठीच येतात. गाडीची छत्री उघडी ठेवून फिरायला गेलात तर ती मोडलीच समजा. आम्ही रोज जेवणं झाली की गुंडाळून टाकायचो.

आता संडास. कॅसेट, म्हणजे संडासाखालचा तो डबा, साधारण १७-१८ लिटरची असते, आणि आपल्याला पाणी लागतं, त्याला इलाज नाही. दर वेळी बाटलीभर पाणी म्हटलं तर चार माणसांत डबा भरल्याचा लाल दिवा दीड दिवसात लागतो. म्हणून नियम केला, दिवसा कॅम्पसाइटचा संडास, गाडीतला फक्त रात्री. मला वाटलं होतं हे काम माझ्या किंवा नवऱ्याच्या गळ्यात पडणार, पण बाबा म्हणाले हे खातं माझ्याकडे. त्या डब्याला चाकं आणि ओढायचं हँडल असतं, ते सकाळी टोपी घालून ओढत निघायचे. पहिल्या दिवशी ओतायला लागले तर एक जर्मन आजोबा धावत आले, बाबांचा अंगठा धरून एका बटणावर ठेवला. हवेचं बटण. ते दाबून धरलं की धार सरळ पडते, नाहीतर गचके देत सगळं पायावर. मग तिथल्याच नळाने खळबळून घ्यायचं (पिण्याच्या पाण्याचा नळ वेगळा, तिथे हा डबा नेलात तर लोक ओरडतात आणि बरोबरच आहे), थोडं पाणी आणि ते निळं केमिकल घालून परत जागेवर. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती तरी पुढचे दिवस रोज सकाळी तिथे गप्पा.

व्हेनिसच्या आत गाडी नेता येतच नाही म्हणून समोरच्या फुसिनाला राहिलो, तिथून बोट थेट व्हेनिसमधल्या झात्तेरेला सोडते. डास भयंकर, ओडोमॉस न्या. स्लोव्हेनियातल्या ब्लेडला कॅम्पसाइट तळ्याच्या पश्चिम टोकाला आहे, तळ्याला पूर्ण चक्कर साधारण सहा किलोमीटर, बाबांनी अर्धी मारली आणि बाकी अर्ध्याच्या बदल्यात क्रीमची ती चौकोनी पेस्ट्री खाल्ली. स्लोव्हेनियात कॅम्पसाइट किंवा त्यासाठी ठरवून दिलेली जागा सोडून कुठेही रात्री राहिलेलं चालत नाही. ॲपवर लोक फुकटच्या जागा टाकत असतात, पण वयस्कर माणसं बरोबर असताना रात्री दोनला पोलिसांनी दार वाजवलेलं कोणाला हवंय?

पैसे वाचतील म्हणून कोणी करत असेल तर करू नका. भाडं, डिझेल, टोल, आणि कॅम्पसाइटला जागेचे वेगळे, माणशी वेगळे, वर टुरिस्ट टॅक्स, सगळं मिळून साध्या हॉटेलाइतकंच होतं. आईला घरचं जेवण आणि बाबांना दुपारची झोप मिळाली, आमच्यासाठी तेवढ्याने वसूल.

गाडी परत देताना डिझेल फुल, आतून झाडलेली आणि कॅसेट रिकामी लागते, भरलेली दिली तर दंड आतल्या साफसफाईपेक्षा जास्त होता. तिथल्या माणसाने दार उघडून कॅसेट बाहेर काढली, झाकण उघडून आत बघितलं आणि विचारलं, ही कोणी धुतली? बाबांनी हात वर केला.