ब्लॉकला घाम आला पाहिजे

काँक्रीटच्या ब्लॉकच्या कारखान्यातल्या कामगारांचं प्रशिक्षण आम्ही सलग घेत नाही. चार दिवस आधी, आणि पाचवा दिवस २८ दिवसांनी. पहिल्या खेपेत कामगारांनी स्वतः पाडलेले ब्लॉक त्यांच्याच डोळ्यांसमोर ताकदीच्या चाचणीत फुटले पाहिजेत, म्हणून ही योजना. नाशिक जिल्ह्यातल्या एका कारखान्यातला असा पाचवा दिवस इथे मांडतो. त्या दिवशी एका तक्रारीचा निकाल लागला.

तक्रार अशी होती: साइटवरून ब्लॉक परत येत होते. उतरवतानाच कडा झडायच्या. मुकादमाचा संशय एकच, माणसं सिमेंट मारतात. माणसं शपथेवर सांगत होती की गोणी पूर्ण पडते. पहिल्या खेपेत आम्ही गोण्या मोजल्या. एका घाण्याला, म्हणजे मिक्सरच्या एका खेपेला, ५० किलोची एक गोणी, खरोखर पूर्ण. मग दोष कुठे, ते शोधायला ब्लॉकचे दोन वेगळे ढीग पाडून घेतले.

ब्लॉक भरीव, १५० मिमी जाडीचा, म्हणजे प्रत्यक्षात ३९०×१९०×१४०. माल १:८, म्हणजे एक माप सिमेंटला आठ मापं सँड-खडी. एक गोणी सिमेंट आकारमानाने सुमारे ३५ लिटर भरतं, म्हणून आतून ४०×३५×२५ सेंमीचा लाकडी फर्मा, म्हणजे मापाची पेटी, केला. क्रश सँडचे (दगड भरडून केलेल्या वाळूचे) पाच फर्मे, बारीक खडीचे तीन. घमेल्याने मोजायला आमचा सक्त विरोध आहे: एक जण घमेलं सपाट भरतो, दुसरा डोंगर करतो. शिवाय ओली सँड फुगते, तेव्हा फर्माही तिच्या बाबतीत थोडा फसवतो. म्हणून सँड आधी वजन करून बघायची. ५०० ग्रॅम ओली सँड कढईत कोरडी होईपर्यंत परतली, ४८० भरली. म्हणजे पाच फर्म्यांतल्या साधारण २८० किलो सँडमध्ये ११ लिटर पाणी आधीच बसलेलं होतं.

आता दोन ढिगांतला फरक. ‘अ’ ढिगाला मशीनवाल्या मामांनी नेहमीसारखं १२ लिटर पाणी वरून घातलं. ‘ब’ ढिगाला आम्ही १९ घालायला लावलं. बाकी सगळं तेच: तीच गोणी, तोच फर्मा, तीच मशीन (जमिनीवर ब्लॉक घालत पुढे सरकणारी), थरथराटाचा वेळही तोच. मामा तेव्हाच म्हणाले होते, “सर, जास्त पाण्याचा माल साच्याला धरतो. आणि पाणी कमी तर ताकद जास्त, हे तुम्हीच परवा शिकवलंत ना?”

प्रश्न रास्त होता. स्लॅबच्या काँक्रीटला तो नियम लागू पडतो, कारण ते काँक्रीट मुळातच वाहतं; व्हायब्रेटर लावला की पोकळी भरते आणि जास्तीचं पाणी नुसती भोकं ठेवून जातं. ब्लॉकचा माल कोरडा असतो, साचा उचलताच त्याला उभं राहायचं असतं. त्यात पाणी कमी पडलं तर कण एकमेकांवरून सरकत नाहीत, थरथराटाने माल बसत नाही, आणि पोकळी आतच राहते. म्हणून ब्लॉकमध्ये एका मर्यादेपर्यंत पाणी वाढवलं तर ताकद वाढते. कोरडा माल साच्यातून झटकन सुटतो, मशीन अडत नाही, दिवसाचा आकडा फुगतो. तो मोह कामगाराच्या मजुरीशी बांधलेला आहे. ब्लॉकमागे पैसे मिळणाऱ्या माणसाला नुसतं ‘पाणी वाढव’ सांगून भागत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.

२८ दिवसांनी दोन्ही ढिगांतले आठ-आठ ब्लॉक काढले. आधी काट्यावर ठेवले. ‘अ’ सरासरी १९.८ किलो, ‘ब’ २१.६ किलो. साचा तोच, गोणी तीच, आणि एका ब्लॉकमागे जवळपास दोन किलोचा फरक. हे दोन किलो म्हणजे हवा. मामांनी एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरा उचलून पाहिला आणि काही बोलले नाहीत.

मग प्रेस, म्हणजे ब्लॉक दाबून फोडणारं यंत्र. ब्लॉकच्या वर-खाली जाड पोलादी पाट ठेवायला हवेत, नाहीतर दाब मधेच एकवटतो आणि चांगला ब्लॉकही अन्यायाने फुटतो. ‘अ’चे ब्लॉक १७५ किलोन्यूटनच्या आसपास गेले. ३९०×१४० च्या बैठकीवर हा ताण ३.२ न्यूटन प्रति चौ.मिमी. ‘ब’चे २९५ च्या पुढेमागे, म्हणजे ५.४. आयएस २१८५ या ब्लॉकच्या भारतीय मानकाप्रमाणे भरीव ब्लॉकच्या खालच्या दर्जालाही आठ ब्लॉकांची सरासरी ४ हवी. ‘अ’ नापास, आणि तेही सिमेंटचा एक कणही न मारता.

फुटलेले तुकडे शेजारी ठेवले. ‘अ’च्या आत खडीभोवती काळपट भोकं, बोट फिरवलं की रवाळ भुकटी हाताला लागायची. पेलाभर पाणी ओतलं तर ते तुकड्याने गिळलं. ‘ब’वर पाणी पसरलं, थोडा वेळ चमकत राहिलं. मुकादम तिथेच उभा होता. त्याने माणसांकडे पाहून एवढंच म्हटलं, “गोणीचं मी चुकीचं बोललो.”

क्युरिंगचा, म्हणजे ब्लॉक ओले ठेवून पक्के करण्याचा, भाग लवकर आटोपला, कारण ते कारखान्यात बरं चालतं: दुसऱ्या दिवसापासून १४ दिवस ओलं, वर गोणपाट. पण थप्पीची बाहेरची, उन्हाकडची रांग नेहमी उपाशी राहते, तिकडे पाइप जात नाही. ताज्या ब्लॉकवर पाइपचा जोर मारायचा नाही, फवाराच हवा. मिक्सरची जाळी उचलून आतला चिकटलेला माल खरवडायचा असेल, तर आधी मेन स्विच बंद आणि किल्ली खरवडणाऱ्याच्याच खिशात. यात आम्ही कुणालाही सूट देत नाही.

दुपारी गवंडी आले. त्यांच्यातही तोच प्रकार, उलट्या बाजूने. विटेच्या कामाची सवय म्हणून ते ब्लॉक पाण्याने चिंब करून लावत होते. वीट सांध्यातल्या सिमेंट-वाळूच्या मसाल्यातलं पाणी शोषते, तिला भिजवावंच लागतं. काँक्रीटचा ब्लॉक भिजला की किंचित फुगतो, भिंतीत वाळताना आखडतो, आणि सांध्यातून जिन्यासारखा तडा जातो. कडक उन्हात कडांना ओला ब्रश फिरवा, बस. क्युरिंगनंतर ब्लॉक चार आठवडे वाळू द्या. मसाला १:६, सांधा १० मिमी. जास्त सिमेंटचा कडक मसाला दिला, तर सांधा हलत नाही आणि तडा ब्लॉकमधून जातो.

शेवटी मामांना पुन्हा घाणा करायला लावला. दुपारची सँड ढिगाच्या वरची, उन्हाने सुकलेली, म्हणून १९ लिटरही कमी पडले. लिटरचा आकडा पाठ करून चालत नाही तो यामुळे. मूठ आवळायची: गोळा टिकला पाहिजे, तळहात नुसता दमट झाला पाहिजे. गोळा फुटला तर कोरडा. बोटांमधून चिखल आला तर जास्त, मग ब्लॉकचं पोट सुटतं. मामा मगाने अर्धा-अर्धा लिटर घालत गेले, २३ वर गोळा टिकला. साचा उचलला तेव्हा ब्लॉकच्या बाजूवर पाण्याची बारीक जाळी उमटली होती.

“घाम आला याला,” मामा म्हणाले, आणि खडूने मिक्सरच्या पत्र्यावर लिहिलं: सकाळी १९, दुपारी २३, मूठ बघून.