बजेटमधलं बेट शोधताना: ठाणे ते अंदमान, सात दिवस

दिवाळीपासून आमच्या घरात एकच विषय होता, फेब्रुवारीत कुठल्या बेटावर जायचं. मी, बायको, सहावीतला मुलगा आणि अडुसष्ट वर्षांची आई. खर्च दीड लाखाच्या आत बसवायचा होता. नौपाड्यातल्या घरी जेवणं आटोपली की टेबलावर वही उघडायची. तिच्यात चार रकाने होते: मालदीव, बाली, लक्षद्वीप, अंदमान.

पहिले आठ दिवस आम्ही फक्त विमानाचे दर बघत बसलो आणि तिथेच चुकत होतो. बेटावर खरा पैसा उतरल्यानंतर सुटतो. जेट्टीपर्यंतची गाडी, या बेटावरून त्या बेटावर जायची बोट, दोन वेळचं जेवण, पाण्यात उतरायचे पैसे. हे सगळं माणशी लिहून चारने गुणायला लागलो, तेव्हा कुठे निर्णय व्हायला लागला. तुम्हीही हेच आधी करा.

मालदीव म्हणजे लाखोंचे रिसॉर्टच, असं आता राहिलेलं नाही. २००९पासून तिथे लोकवस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊस चालतात, आपल्याला व्हिसा पोचल्यावर फुकट मिळतो आणि राजधानी मालेहून माफुशी बेटाला साधी फेरीबोटही जाते. नवराबायको दोघंच असाल आणि दिवसभर पाण्यातच राहणार असाल तर जरूर जा. पण बरेचसे दर डॉलरमध्ये, वर माणशी दर रात्रीचा ग्रीन टॅक्स, आणि आईने तिथे दिवसभर करायचं काय? बालीत राहणं-खाणं स्वस्त, पण व्हिसा आणि पर्यटन कर मिळून माणशी साडेसहा लाख इंडोनेशियन रुपिया, म्हणजे आपले साडेतीन हजारांच्या आसपास, गुणिले चार. लक्षद्वीपवर माझा फार जीव होता. तिथे प्रवेश परवाना काढावा लागतो, कोचीहून जहाज किंवा तिथल्या अगत्ती बेटाचं विमान धरावं लागतं, राहायच्या जागा मोजक्या. आमच्या तारखांना काही जमेना. अंदमानला ना व्हिसा, ना परवाना, आणि बेटाबेटांमध्ये सरकारी बोटी. त्यात आई म्हणाली, “मला सेल्युलर जेल बघायचंय.” वही मिटली.

चेन्नईमार्गे पोर्ट ब्लेअरला उतरलो. २०२४मध्ये शहराचं नाव श्री विजयपुरम झालं, हॅवलॉक आणि नील ही बेटंही २०१८पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप आहेत. तिकिटं काढताना दोन्ही नावं लक्षात असू द्या, रिक्षावाले अजून जुनीच बोलतात.

जेल पहिल्याच दुपारी बघितलं. मूळच्या सात इमारतींपैकी तीन उरल्यात. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे आणि जिने चढावे लागतात. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, तरी ती कठड्याला धरून, एकेक पायरी थांबत वर गेली. सावरकर इथे होते १९११ ते १९२१, दहा वर्षं. कोठडीच्या दारात ती चपला काढून उभी राहिली. गजांना हात लावला, मग भिंतीला, आणि बराच वेळ काही बोलली नाही. या जागेला अर्धा दिवस द्याच. संध्याकाळच्या लाइट अँड साउंड शोचं तिकीट आधीच काढून ठेवा.

आता बोटींबद्दल, कारण बजेट तिथेच वाचतं किंवा फाटतं. खासगी कॅटामरानला, म्हणजे वेगवान बंद बोटीला, एका फेरीचे माणशी दीड हजाराच्या आसपास पडतात आणि ती दीडेक तासात हॅवलॉकला नेते. सरकारी बोट फिनिक्स बे जेट्टीवरून सुटते, अडीच तास घेते आणि तिकीट निम्म्याहूनही कमी. ही तिकिटं प्रवासाच्या थोडेच दिवस आधी खुली होतात आणि पटकन संपतात, म्हणून रोज बघत राहावं लागतं. आम्हाला तीनपैकी दोन फेऱ्या सरकारी मिळाल्या. कॅटामरानमध्ये काचेआड बसून राहावं लागतं, सरकारी बोटीत डेकवर उभं राहता येतं. मुलाला उडणारे मासे तिथेच दिसले. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँचने गेला असाल तर हेलकाव्यांची कल्पना असेलच. उलटीची गोळी अर्धा तास आधी घ्या, बोट हलायला लागल्यावर नको.

हॅवलॉकच्या जेट्टीवरून राधानगर किनाऱ्यापर्यंत सरकारी बस जाते, आम्ही तीच धरली. सगळं भारतातच असलं तरी सूर्य आपल्यापेक्षा तासाभराहून जास्त लवकर बुडतो, फेब्रुवारीत साडेपाचच्या आसपास. साडेतीनलाच वाळूवर असा. तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरींचे इशाऱ्याचे फलक आहेत. जीवरक्षक सांगतील तेवढ्याच पट्ट्यात पोहायचं, बाकी पाणी कितीही शांत दिसू दे.

मला विचाराल तर नील जास्त आवडलं. लहान बेट, भाताची आणि भाजीची शेतं, फाळणीनंतर वसवलेली बंगाली घरं. नॅचरल ब्रिजला, म्हणजे किनाऱ्यावरच्या नैसर्गिक दगडी कमानीला, ओहोटीच्या वेळीच जायचं, वेळ आदल्या दिवशी हॉटेलात विचारून घ्या. पाणी ओसरलं की मेलेल्या पोवळ्यांचा खडबडीत कातळ उघडा पडतो आणि खाचांमध्ये पाणी साठून राहतं. एका खाचेशी मुलगा वीसेक मिनिटं उकिडवा बसला होता. आत काळी, गुबगुबीत समुद्रकाकडी (काकडीसारखा दिसणारा समुद्री जीव), तिच्याशेजारी नखाएवढा शंखातला खेकडा, घर पाठीवर घेऊन चाललेला. शंख त्याला घरी न्यायचा होता. शंख-पोवळी उचलायला बंदी आहे आणि विमानतळावर सामान तपासतात, पण मी एवढंच म्हटलं की या खेकड्याला मोठा झाल्यावर दुसरं घर लागेल. त्याने ठेवून दिला. इथे रबरी तळव्याची चप्पल हवी, साधी घसरते. आईला आम्ही सावलीत नारळपाण्याच्या गाडीजवळ बसवलं होतं.

जेवण बाजारातल्या छोट्या खाणावळीतच करा. माशाची थाळी मोहरीच्या तेलातली, पहिल्या घासाला वेगळी लागते, दुसऱ्या दिवशी आवडायला लागते. आईचा गुरुवार होता, तर खाणावळीच्या बाईंनी न सांगता बटाटा-पोश्तो, म्हणजे खसखशीतला बटाटा, करून दिला. रोख जवळ ठेवा, लहान बेटांवर एटीएम मोजकेच.

चौघांचे एकूण १,३४,००० लागले, त्यात विमानाचे ६४,०००. पाण्याखालच्या स्कूबाऐवजी स्नॉर्केलिंग (पाण्यावर तरंगत, नळीने श्वास घेत खाली बघणं) केलं, तिथे बरेच वाचले. सातऐवजी पाचच दिवस असतील तर हॅवलॉक आणि नीलपैकी एकच धरा, दोन्ही कोंबू नका.

आणि परतीच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. आमची नीलहून निघणारी बोट वाऱ्यामुळे चार तास उशिरा सुटली. शेजारच्या बाकावरच्या पुण्याच्या जोडप्याचं त्याच संध्याकाळचं विमान होतं, ते चुकलं.