टॉफीचा चुरा आणि बेरी-साखर

गेल्या एप्रिलमध्ये फ्रीजरमधली टॉफीच्या चुऱ्याची शेवटची पिशवी संपली. आमच्या घरी ‘काकूची बिस्किटे’ म्हणून ज्या कुकीज ओळखल्या जातात, त्यांची सगळी भिस्त या पिशवीवर होती, हे मात्र ती संपल्यावरच ध्यानात आले. माझी पुतणी अमेरिकेत इलिनॉय राज्यात राहते आणि दर हिवाळ्यात नागपूरला येताना सव्वादोनशे ग्रॅमच्या दोन पिशव्या आठवणीने आणते. यंदा तिच्या घरी तान्हे बाळ असल्यामुळे तिचे येणे झाले नाही, आणि पिशव्याही आल्या नाहीत.

ज्यांनी हा चुरा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहिते. लोणी आणि साखर जवळजवळ समभाग घेऊन ती कडक पाकापर्यंत शिजवली, की थंड झाल्यावर जी ठिसूळ, गडद बदामी रंगाची वडी होते तिला तिकडे टॉफी म्हणतात, आणि तिचेच डाळीएवढे तुकडे बेकिंगसाठी वेगळे विकले जातात. पुतणी आणते तो चुरा हीथ या नावाचा असतो. इलिनॉयमधल्या रॉबिन्सन या गावी हीथ कुटुंबातल्या दोन भावांनी १९१४ साली मिठाईचे दुकान काढले, पुढे चॉकलेटचा थर दिलेली त्यांची टॉफीची कांडी देशभर गाजली आणि १९९६ साली हे नाव हर्षी कंपनीकडे गेले. आपल्याकडे मात्र ‘टॉफी’ या शब्दाचा अर्थ कागदात गुंडाळलेली कुठलीही गोड गोळी असा झाला. त्यामुळे नागपूरच्या इतवारी बाजारातल्या किराणा ओळीत मी ‘टॉफीचा चुरा आहे का’ असे विचारले तेव्हा दुकानदाराने संत्र्याच्या फाकेच्या आकाराच्या गोळ्यांची बरणी माझ्यापुढे सरकवली आणि ‘चुरा कायले पाहिजे ताई, अख्खी घ्या न’ असे म्हटले, यात त्याची काही चूक नव्हती.

इथल्याच सीताबर्डी आणि सदर या भागांत केकचे सामान विकणारी जी दुकाने आहेत, तिथे मला दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे आइस्क्रीमवर घालतात तो बटरस्कॉचचा कुरकुरीत चुरा आणि दुसरी म्हणजे बटरस्कॉचच्या वासाचे चपटे थेंब. चुऱ्याच्या पाकिटावरील घटक मी दुकानातच उभी राहून वाचले, तर त्यात साखर, काजू आणि सुवास होता, लोण्याचा मात्र पत्ता नव्हता. तरीही दोन्ही आणून पाहिले. काजूचा चुरा ओव्हनमध्ये वितळला, काचेसारखा पुन्हा गोठला आणि खाताना दाढेला चिकटला. थेंबांनी आकार टिकवला, पण त्यांची चव केवळ वासापुरती होती. इंटरनेटवरून मागवलेल्या परदेशी पिशवीची किंमत पुतणी सांगते त्याच्या कितीतरी पट होती, आणि मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या घरात असताना ती घरी पोहोचली ती एकच ढेकूळ होऊन. ती फोडायला खलबत्ता घ्यावा लागला. पैसे परत मिळाले नाहीत, आणि तो विषय मी तिथेच सोडला.

शेवटी टॉफीच घरी करायची असे ठरवले. यात माझी आई, वय वर्षे ब्याऐंशी, स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली. तिने आयुष्यात कधी ओव्हन लावलेला नाही, परंतु संक्रांतीला किलोकिलोने तिळाची चिक्की केलेली आहे, आणि पाक हा विषय निघाला की ती कोणाला बोलू देत नाही. इंग्रजी पाककृतीत लिहिलेले होते की मिश्रण साधारण १५० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे. आईने विचारले, ‘म्हणजे गोळीबंदच्या पुढे किती?’ प्रश्न अगदी नेमका होता. गोळीबंद पाक, म्हणजे ज्याचा थेंब थंड पाण्यात टाकल्यावर बोटांनी मऊ गोळी वळता येते तो, ११२ ते ११६ अंशांच्या आसपास होतो. चिक्कीचा पाक, ज्याचा थेंब पाण्यात टाकल्यावर कट्कन तुटतो, तो १४६ अंशांच्या पुढे होतो. टॉफीला हाच दुसरा पाक लागतो. त्या तापमानाला पाकात पाणी जेमतेम १ टक्का उरलेले असते, म्हणूनच वडी दाताखाली फुटते आणि चिकटत नाही. मी आणलेला पाकाचा थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात धरून पाहिला. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे पाणी ९९ अंशांलाच उकळते. थर्मामीटरने ९७ दाखवले, तेव्हा पुढच्या प्रत्येक आकड्यात २ मिळवायचे असे ठरले.

पहिला घाणा फुटला. लोणी आणि साखर एकजीव दिसत होती, आणि १३० अंशांच्या सुमारास मी घाई करून आच वाढवली, तर कढईत तूप वेगळे आणि साखरेचा गोळा वेगळा झाला. वितळलेल्या लोण्यातील स्निग्धांश पाकात बारीक थेंबांच्या रूपाने तरंगत राहतो, आणि तापमान एकदम वरखाली झाले किंवा ढवळणे थांबले की तो बाहेर पडतो. अशा वेळी चमचाभर कढत पाणी घालून मंद आचेवर न थांबता ढवळल्यास मिश्रण बहुधा पुन्हा जुळते, हे मला नंतर कळले. त्या दिवशी मी सगळे मोलकरणीच्या मुलांसाठी शंकरपाळ्यांच्या पिठात ढकलले. दुसरा घाणा जुळला, परंतु थंड होताना रवाळ झाला, कारण कढईच्या कडेला चिकटलेले साखरेचे कण मी उलथन्याने खरवडून आत पाडले होते आणि त्या कणांभोवती सगळी साखर पुन्हा दाणे धरू लागली. तिसऱ्या वेळी चमचाभर लिक्विड ग्लुकोज घातले, जो केकसामानाच्या दुकानात सहज मिळतो आणि साखरेला दाणे धरू देत नाही, आणि कडा ओल्या ब्रशने पुसत राहिले.

तिसऱ्या घाण्याला १४० अंशांच्या पुढे कढईतून जो वास सुटला, त्यावर आई खुर्चीतून उठून गॅसपाशी आली आणि म्हणाली, ‘ही तर बेरी-साखर आहे गं.’

इतकी वर्षे मी ती कुकी खात होते आणि ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. लोणी कढवून तूप केले की पातेल्याच्या तळाशी जी खमंग, तपकिरी बेरी उरते, तिच्यावर साखर भुरभुरून आम्ही भावंडे भांडत खात असू. टॉफीचा सुवास नेमका तोच आहे. लोण्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांश आणि साधारण १६ टक्के पाणी असते, आणि जो एक-दोन टक्के दुधाचा घनभाग उरतो त्यातील प्रथिने आणि दुधाची साखर तापून तांबूस होतात, तेव्हा हा वास येतो. तूप करताना आपण हा भाग गाळून बाजूला काढतो, तर टॉफीत तो पाकातच अडकून राहतो. बाजारातल्या चुऱ्यांमध्ये काय कमी होते, याचे उत्तर मला इथे मिळाले. साखरेचा कुरकुरीतपणा त्या सगळ्यांत होता, बेरी एकाही पाकिटात नव्हती. लोण्याऐवजी साजूक तूप घालून टॉफी करावी असे मला अनेकींनी सुचवले आहे, परंतु तुपात बेरीही नाही आणि पाणीही नाही, त्यामुळे ते पाकाशी जुळत नाही आणि वर तरंगते. घरचे लोणी चालते, फक्त ते ताकाचा अंश जाईपर्यंत गार पाण्याने धुवून, चांगले पिळून घ्यावे. नाहीतर ते तडतडते आणि पाक व्हायला दुप्पट वेळ लागतो.

माझे प्रमाण आता असे स्थिरावले आहे : २०० ग्रॅम अमूल बटर, २०० ग्रॅम साखर, ३ मोठे चमचे पाणी आणि १ मोठा चमचा लिक्विड ग्लुकोज. बटर खारे असते, म्हणून वेगळे मीठ घालत नाही. जाड बुडाच्या पातेल्यात सगळे मध्यम आचेवर ठेवून ढवळत राहावे, १५० अंशांला आच बंद करावी आणि तेल लावलेल्या बटर पेपरवर पातळ ओतावे. १४५ ते १५० हे अंतर फार लवकर सरते, तेव्हा त्या मिनिटात दारावरची घंटा वाजली तरी जाऊ नये. आईने थर्मामीटरकडे न पाहता, पाण्याच्या वाटीत थेंब टाकून ‘झाला’ असे सांगितले तेव्हा आकडा, २ मिळवून, १४८ होता. तिने त्यावर काही भाष्य केले नाही. फक्त थर्मामीटर केवढ्याला आणला ते विचारले.

पण नागपुरात टॉफी करून भागत नाही, ती टिकवावीही लागते. मे महिन्यातली आपली हवा इतकी कोरडी असते की पापड उन्हात ठेवल्यावर तासाभरात वाजू लागतात, तेव्हा टॉफीला दमट हवेची भीती निदान पावसाळ्यापर्यंत नाही असे मी समजत होते. मी विसरले ते कुलरला. ताट थंड व्हायला बैठकीच्या खोलीत ठेवले, तिथे कुलर वाळ्याच्या ओल्या ताट्यांमधून भरभरून ओलावा फेकत होता, आणि साखर हवेतले पाणी ओढून घेते, त्यामुळे पाऊण तासात वडीच्या पृष्ठभागावर चिकट घाम आला. आता ताट स्वयंपाकघरातच ठेवते, दार लावते, आणि हाताला कोमट लागेनाशी झाली की वडी लगेच फोडून घट्ट झाकणाच्या डब्यात भरते. तो डबा फ्रीजरमध्ये जातो आणि बाहेर काढल्यावर त्याचा गारठा पूर्ण गेल्याशिवाय उघडायचा नसतो, कारण थंड तुकड्यांवर बाहेरच्या हवेतले दव धरते.

कुकीच्या पिठाबद्दल फारसे वेगळे सांगण्यासारखे नाही. परदेशी कृतीत जी ब्राउन शुगर असते ती म्हणजे साखरेला लावलेली मळी होय, आणि १ कप साखरेत १ मोठा चमचा काकवी चोळली की काम भागते. गुळाची पूडही चालते, मात्र तिच्यातील ओलाव्यामुळे कुकी थोडी मऊ होते. ‘लोणी खोलीच्या तापमानाला असावे’ हे वाक्य मात्र नागपूरच्या वाचकांनी सरळ खोडून टाकावे. लिहिणाऱ्याच्या मनात १८ ते २० अंशांची खोली असते, आणि आमच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी ३९ होते, ज्या तापमानाला लोणी फेसायला घेतले तर कढीसारखे ओघळते. मी लोणी फ्रीजमधून काढून दहा मिनिटांत फेसते आणि गोळे करून तासभर पुन्हा फ्रीजमध्ये घालते. टॉफीचे तुकडे विकतच्यापेक्षा मोठे, शेंगदाण्याएवढे ठेवते, कारण ओव्हनमध्ये त्यांच्या कडा वितळतात आणि लहान तुकडा पिठात पूर्ण विरघळून जातो. ते गोळ्यात आत दाबावेत. बाहेर आलेला तुकडा पसरून बटर पेपरला चिकटतो आणि त्या जागी कुकीला भोक पडते. १७० अंशांवर ११ ते १२ मिनिटे पुरतात. ट्रे बाहेर काढल्यावर कुकी इतकी मऊ असते की ती कच्ची राहिली असे वाटून पुन्हा आत ढकलण्याचा मोह होतो. लहानपणी भट्टीवरून नानखटाई भाजून आणताना भट्टीवाला ‘गरम आहे तोवर बोट लावू नका’ असे बजावत असे, ते इथेही लागू आहे.

तरीही विकतच्या चुऱ्याच्या कुकीपेक्षा माझी थोडी फिकी लागत होती, कारण वितळणाऱ्या कडांबरोबर चवही पसरते. म्हणून जुलैमध्ये एक प्रयोग केला. पिठातच दोन चमचे बेरी घातली, अडीचशे ग्रॅम मैद्याला इतकीच, कारण अधिक घातल्यावर कुकी भुसभुशीत होऊन हातात फुटते. यात फरक असा पडला की टॉफीचा तुकडा ज्या घासात येत नाही, त्या घासातही त्याची चव राहते. पुतणीला फोनवर हे सांगितले तेव्हा तिने बेरी तिकडे कुठे मिळेल असे विचारले, आणि मग आईने फोन हातात घेऊन तिला लोणी कढवायला शिकवण्यात अर्धा तास घालवला.

आमच्याकडे शनिवारी तूप कढवतात. पूर्वी ती बेरी सगळी आईच्या वाटीत जात असे. आता ती तिच्यातून दोन चमचे काढून बाजूला ठेवते, आणि उरलेलीवर साखर घालून माझ्यासमोर बसून खाते.