कितवीत असताना?

इंदिराजींची हत्या झाली तेव्हा मी सातवीत होतो. त्यानंतर महिन्याच्या आतच यशवंतराव गेले आणि अख्खं कराड संगमाकडे लोटलं, तीही सातवीच. राकेश शर्मा अवकाशात गेला तेव्हा सहावीची वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. कपिल देवच्या संघानं लॉर्ड्सवर कप उचलला, तेव्हा त्याच सहावीच्या पुस्तकांना नुकती खाकी कव्हरं चढली होती. हे सांगायला मला जरासुद्धा डोकं खाजवावं लागत नाही. पण मी राहतो त्या फ्लॅटचा ताबा कोणत्या साली मिळाला असं विचारलंत, तर कपाटातून फाइल काढावी लागेल.

आमच्या घरातली मोठी माणसं भूकंपावरून काळ मोजायची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्यानंतर थोरल्या आत्याचं लग्न ‘भूकंपाच्या आदल्या वर्षी’ आणि परसातली विहीर ‘भूकंपानंतरची’ असंच चालायचं. आमच्या वाट्याला तेवढी मोठी खूण आली नाही, हे बरंच झालं. लहानसहान हादरे मात्र वर्गात बसून अनुभवले. बाकं करकरायची, खिडक्यांच्या काचा थरथरायच्या आणि सर खडू हातात धरून म्हणायचे, “बसा खाली. कोयना आहे.” पुढचं वाक्य फळ्यावर लगेच सुरू. आमच्या काळाच्या खुणा म्हणजे यत्ता. आजही आमच्या तुकडीतलं कुणी भेटलं आणि जुना विषय निघाला की पहिला प्रश्न हाच येतो, “कितवीत असताना रे?”

शाळेचे दिवस भुर्रकन उडून गेले, असं शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या या अंकात बऱ्याच जणांनी लिहिलं असणार. मला ते पटत नाही. माझ्या आठवणीतली शाळा चांगली लांबलचक आहे. तिच्यात दुपारचे सहावे-सातवे तास आहेत, नागरिकशास्त्र आहे आणि ‘ग्रामपंचायतीची कार्ये’ आहेत. अकराला भरणारी शाळा साडेपाचला सुटायची, पण साडेतीन ते चार हा अर्धा तास दोन तासांचा असायचा. मनगटावर घड्याळ असलेला मुलगा वर्गात नव्हता. मुख्य घड्याळ ऑफिसात, आणि ऑफिसात जायचं ते फक्त बोलावलं तर.

तरी वेळ कळायची. मैदानाच्या बाजूच्या रांगेतल्या शेवटच्या बाकावर बसणाऱ्याकडे ते काम आपोआप आलेलं होतं. पाटणकडे जाणारी एस.टी. रस्त्यावरून गेली की एक बोट. शेजारच्या इमारतीची सावली पाण्याच्या टाकीला टेकली की दोन बोटं. शिपाईमामा हातोडी घेऊन ऑफिसच्या पायऱ्या उतरले की मूठ. मूठ दिसली की सगळ्या वर्गाची दप्तरं बाकाखाली बंद व्हायला लागायची आणि सरांना न सांगताच कळायचं. आपली घंटा म्हणजे वडाच्या फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा. ओगलेवाडीवरून जाणारी गाडी मीटरगेजची होती, त्या वेळचा तो, असं मामा सांगत. तास संपल्याचा टोल वेगळा, मोठ्या सुट्टीचा वेगळा आणि शाळा सुटल्याचा घणघणाट तर बाजारपेठेपर्यंत जायचा. पाऊस असला की मामा छत्री एका हातात धरून दुसऱ्या हातानं टोल द्यायचे. त्या दिवसांत टोल जरा मुके वाटायचे.

हाच वेळ वार्षिक परीक्षेला कुठे पळायचा, कोण जाणे. तीन तासांचा पेपर, आणि निबंधाचा दुसरा परिच्छेद चालू असतानाच कानावर यायचं, “शेवटची दहा मिनिटं. पुरवण्या बांधून घ्या.” सुताची ती दोरी पुरवणीच्या भोकातून कधीच पहिल्या झटक्यात गेली नाही.

भूगोलाच्या सरांनी एकदा आमचा घड्याळावरचाच विश्वास घालवला. नववीत. तिसऱ्या तासाला सगळा वर्ग मैदानात, मध्ये जमिनीत रोवलेली एक सरळ काठी, आणि सरांच्या मनगटावरचं एच.एम.टी. सूर्य डोक्यावर येतो किती वाजता? सगळा वर्ग ओरडला, बारा वाजता. सर काही बोलले नाहीत. दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी एकेकानं खडा ठेवायचा. बारा वाजून गेले, सावली आखूड होतच राहिली. साडेबारा झाले तरी ती कमी होत होती. फेब्रुवारीचा मध्य होता. सर्वांत आखूड सावली पडली ती पावणेएकच्याही दोनेक मिनिटं नंतर.

मग सरांनी हिशेब फळ्यावर मांडला. आपलं घड्याळ चालतं ८२.५ पूर्व रेखांशावर, म्हणजे मिर्झापूरच्या बाजूच्या सूर्यावर. कराड साधारण ७४.२ वर. मधला फरक ८.३ अंशांचा, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणून आपली खरी दुपार सरासरी १२ वाजून ३३ मिनिटांनी. त्यातही पृथ्वीचा आस कललेला आणि कक्षा लंबवर्तुळ, त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्यावर आणखी १४ मिनिटं उशीर, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला उलट १६ मिनिटं लवकर. सारा देश एका वेळेवर आला तो १९०६ पासून. मुंबईनं मात्र आपली ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही, हेही त्यांनीच सांगितलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, मग शाळा सूर्यावर अकराला भरवली तर अर्धा तास उशिरा यायला चालेल?” सर म्हणाले, “चालेल. पण सुटेलही अर्धा तास उशिरा.” हिशेब चोख होता, त्यामुळे विषय तिथंच मिटला.

या सगळ्याचा विचार मी बँकेत लागल्यावर करायला लागलो. कारण पस्तिशीनंतर वर्षं कशी जातात, हा प्रश्न काउंटरच्या अलीकडे आणि पलीकडे सगळ्यांनाच पडलेला असतो. पॉल जाने नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञानं १८७७ मध्ये याचं उत्तर अपूर्णांकात दिलं होतं. दहा वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा भाग, पन्नाशीच्या माणसाला पन्नासावा, म्हणून ते छोटं वाटतं. उत्तर सुटसुटीत आहे. पण मग माझ्या वयाच्या सगळ्यांची वर्षं सारख्याच वेगानं जायला हवीत, आणि तसं दिसत नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याची गडचिरोलीला बदली झाली, तेव्हाची दोन वर्षं त्याला आजही सगळ्यांत लांब वाटतात.

अमेरिकेचे मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये लिहिताना जानेचा हा हिशेब घेतला, पण त्यावर ते थांबले नाहीत. त्यांच्या मते वय वाढतं तसं अनुभव एकासारखा एक होत जातो आणि आठवणीत वेगळं काही उरत नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे: रिकामा, कंटाळवाणा काळ जाता जात नाही, पण मागे वळून पाहिलं की आखूड दिसतो, भरगच्च काळ पटकन जातो आणि मागे पाहताना लांब दिसतो. इथे मी बराच अडलो. कारण शाळा चालू असतानाही लांब होती आणि आज मागे पाहतानाही लांबच दिसते. दोन्हीकडून लांब, असं कसं?

माझं उत्तर असं आहे. शाळेतले दिवस एकमेकांसारखेच होते, पण वर्षं एकासारखी एक नव्हती. प्रार्थना, हजेरी, तेच तास, तोच टोल. त्यामुळे दिवस सरता सरत नसे. पण १३ जूनला शाळा उघडली की खोली बदललेली, बाक बदललेला, वर्गशिक्षक बदललेले. पाचवीत इंग्रजीची ए.बी.सी.डी. आणि शाईचं पेन. सातवीत स्कॉलरशिप. आठवीत संस्कृत, शिवाय गणिताचे बीजगणित आणि भूमिती असे दोन तुकडे. नववीत फुल पँट. प्रत्येक वर्षाला स्वतःचं नाव होतं, स्वतःची इमारतीतली जागा होती. नोकरीत नेमकं उलटं झालं. दिवस पळतात, कारण रांग संपत नाही. आणि ३१ मार्चला वर्ष संपतं ते फक्त कागदावर. खतावणीत पान भरलं की शिल्लक पुढे ओढायची आणि वर लिहायचं ‘मागील पानावरून पुढे’. माझी बरीचशी वर्षं तशीच लिहिली गेली आहेत.

दोन वर्षांपूर्वी आमच्या तुकडीचं स्नेहसंमेलन झालं, तिथे मी हेच सगळं जरा रंगवून सांगत होतो. दुपारचे तास कसे जात नसत वगैरे. आमच्यातली एक मैत्रीण, जी कृष्णेपलीकडच्या गावातून चालत यायची, ती म्हणाली, “तुझा वेळ जात नव्हता. मला वाटायचं टोल पडूच नये. घरी गेल्यावर पाणी, भांडी, म्हशीचं वैरण. बसायला मिळायचं ते शाळेतच.” सातवीनंतर शाळा सुटलेल्या दोन मुलींची नावंही तिनेच काढली, हजेरीपटावर त्या आठवीत नव्हत्या आणि आम्हा मुलांपैकी कुणी तेव्हा विचारलंही नव्हतं. पहाटे दुधाचे कॅन सायकलला लावून येणारा आमचा एक दोस्त तर पहिल्या तासाला पेंगायचा. त्याची शाळा मोठ्या सुट्टीनंतर भरायची, असं आम्ही चिडवायचो. एकाच टोलावर आम्ही सगळे उठत-बसत होतो, एवढंच सारखं होतं. म्हणून वर मी जे उत्तर दिलं आहे, ते खिडकीशेजारी बसून कंटाळण्याची चैन ज्यांना परवडत होती, त्यांच्यापुरतं समजावं.

आठवीच्या मार्चमध्ये हॅलेचा धूमकेतू आला होता. पहाटे उठून संगमावर गेलो. दक्षिणेला खाली एक पुसट, पुसून टाकल्यासारखा ठिपका दिसला. शेपटी पाहिल्याचं ज्यांनी छातीठोक सांगितलं, त्यांच्यावर माझा आजही विश्वास नाही. विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं, हा आता २०६१ मध्ये येईल, तेव्हाचं आपलं वय काढा. उत्तर ८९ आलं आणि वर्गात हशा पिकला. ८९ हे वय त्या खोलीतल्या कुणाचं असू शकतं, हेच मुळी कुणाला खरं वाटलं नाही. तो धूमकेतू आम्ही दहावी झालो, नोकरीला लागलो, मुलांची लग्नं ठरवायला लागलो, तोपर्यंत सतत लांबच जात होता. डिसेंबर २०२३ मध्ये तो नेपच्यूनच्या कक्षेपलीकडून वळला. आता तो इकडे यायला निघाला आहे. आपल्या शाळेच्या वयाएवढी, पंचाहत्तर वर्षांची, त्याची ही फेरी आहे.

अमृतमहोत्सवानिमित्त प्रत्येक वर्गात डिजिटल घड्याळ आणि आपोआप वाजणारी घंटा बसवण्यासाठी समितीनं देणगीचं आवाहन केलं आहे. माझी वर्गणी पोहोचली आहे, पावतीही मिळाली. माझी सूचना एवढीच की, ध्वजस्तंभाच्या दक्षिणेच्या मोकळ्या जागेत एक सरळ लोखंडी गज पक्का रोवून द्यावा, भोवती फरशी घालावी आणि भूगोलाच्या शिक्षकांनी तिच्यावर वर्षभराच्या खुणा करून घ्याव्यात. कराडच्या अक्षांशाला वर्षातून दोनदा दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि गजाची सावली नाहीशी होते: मेच्या ८-९ तारखेच्या सुमारास आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. मेमध्ये सुट्टी असते आणि ऑगस्टमध्ये ढग, ही अडचण मला माहीत आहे. पण गावातच राहणाऱ्या मुलांना मेमध्ये तासाभरासाठी बोलावता येईल, बारा-वीसपर्यंत आले तरी चालेल. गजाचा आणि फरशीचा खर्च मी देईन.

— एक माजी विद्यार्थी, दहावी, मार्च १९८८