फ्लॅटलँड बिल्ड: पुढचं टोक जमलं, फ्रीकोस्टर मात्र उलट्यात पकडतोय

स्टँडवर गुणी, जमिनीवर नाठाळ. हे फ्लॅटलँडच्या (सपाट जमिनीवर तोल साधत करायच्या बीएमएक्स करामतींच्या) बाइकवरच्या फ्रीकोस्टरबद्दल, म्हणजे बाइक मागे जाताना पेडल फिरू न देणाऱ्या मागच्या हबबद्दल. मागच्या नोंदीपर्यंत मागचं चाक बांधून, 36 तारांचा आऊट काढून झाला होता आणि 22/9 वर (पुढे 22, मागे 9 दात) फ्रीकोस्टर उलटा फिरवला की निमूट मोकळा फिरत होता. आता बाइक जमिनीवर आहे. मागच्या पेगवर (ॲक्सलच्या टोकावरच्या पायठेवणीवर) उभं राहून, पुढचं चाक हवेत धरून उलटं रोल केलं की थोड्याच अंतरात क्लच (पेडलचा जोर हबला देणारा आतला भाग) खाडकन पकडतो, क्रँक उलटी फिरते आणि पेडल थेट नडगीवर येतं. ब्रेक नसलेल्या सेटअपवर हे जास्तच जाचतं, कारण चाक आवरायला दुसरं काही हातात नाही.

आधी लक्षणं वेगळी करू, कारण दोन निरनिराळे दोष एकाच नावाने खपतात. उलटं रोल करताना पेडल हळूहळू, सतत मागे ओढलं जात असेल तर ते ड्रायव्हरच्या (चेनने फिरणाऱ्या मागच्या दातेरी भागाच्या) बेअरिंगचं किंवा सीलचं घर्षण आहे. त्रासदायक, पण निरुपद्रवी. झटक्याने पकडत असेल तर क्लच हबच्या उतरत्या भिंतीला जाऊन भिडलेला असतो. आपला प्रकार दुसरा.

क्लच तिथे पोचतो कसा? ड्रायव्हरवर आटे आहेत, त्यावर क्लच बसतो, आणि ड्रॅग स्प्रिंग क्लचला ॲक्सलच्या हिशेबात फिरू देत नाही. पेडल पुढे मारलं की ड्रायव्हर फिरतो, क्लच जागेवर अडलेला असल्यामुळे आट्यांवरून बाहेर सरकतो आणि हबमध्ये रुततो. पेडल जरा मागे घेतलं की तो आत येऊन वायसरला टेकतो आणि चाक दोन्ही दिशांना मोकळं होतं. पुन्हा पकड लागेपर्यंतची ही मोकळी चाल म्हणजे गॅप. उलटं रोल करताना क्लचने स्प्रिंग झुगारून हबबरोबर मागे फिरायला सुरुवात केली, तरी परिणाम तोच होतो: ड्रायव्हर स्थिर, क्लच मागे, म्हणजे पुन्हा बाहेर सरकणं आणि पकडणं.

म्हणून पहिला संशय ग्रीसवर. घट्ट ग्रीस क्लचच्या उतारावर थापलं असेल तर हबची भिंत क्लचला सोबत ओढते. हब उघडून उतार कोरडा पुसला, त्यावर हलक्या तेलाचा नुसता हात फिरवला. आट्यांनाही हलकं तेलच. ग्रीस फक्त बेअरिंगमध्ये. मग स्प्रिंगच्या भुजा किंचित आत वाकवल्या. इथे जोर करायचा नाही: स्प्रिंग सैल असली तर पुढे पेडल मारतानाही क्लच ड्रायव्हरबरोबर गोल फिरत राहतो आणि पकडतच नाही, फार आवळली तर घासून खाचा पाडते.

त्यानंतरची चाचणी: बाइक स्टँडवर, पेडल मागे घेऊन गॅप पूर्ण उघडी, क्रँक हाताने धरलेली, आणि चाक उलट्या दिशेने जोरात फिरवलेलं. पकडत नाही. वेग वाढवला तरी नाही. म्हणजे ग्रीस आणि स्प्रिंग दोन्ही निर्दोष. तरी जमिनीवर पकडतो.

उत्तर मिळालं ते सीट ट्यूबवर आणि क्रँकच्या हातावर टेपच्या खुणा लावल्यावर. पुढचं चाक झपकन वर उचललं की फ्रेम मागे कलते, पण क्रँक आणि पेडल दोन्ही बाजूंनी समतोल असल्यामुळे जागच्या जागी राहतात. फ्रेमच्या हिशेबात क्रँक पुढे फिरली! पुढचं टोक 50 अंश उचललं की हबला वाटतं, कुणीतरी 50 अंश पेडल मारलं. स्टँडवर फ्रेम कलतच नाही, म्हणून तिथे हा दोष कधीच दिसणार नाही.

आता आकडे. गॅप अंशांत मोजण्यापेक्षा चेनच्या पिनांत मोजा, सगळा गोंधळ मिटतो. क्रँक मागे घेऊन गॅप उघडायची, चेनस्टेवर खूण करायची आणि पकड लागेपर्यंत किती पिना पुढे सरकतात ते बघायचं. या हबला 3 पिना लागतात. मागे 9 दात, म्हणजे एक पिन 40 अंश, हबवर 120 अंश. हबवरचा आकडा पुढचा स्प्रॉकेट बदलून बदलत नाही, पण क्रँकवरचा बदलतो: 25 दातांवर तीन पिना म्हणजे 43 अंश, 22 वर 49, 18 वर 60. 49 अंशांची गॅप आणि त्याहून वर उचललेलं टोक. पकडणार नाही तर काय करणार?

फ्रीकोस्टर विकताना गॅपचा जो आकडा सांगतात, तो हबवरचा की क्रँकवरचा हे क्वचितच लिहिलेलं असतं. त्यावर विसंबू नका, पिना मोजा.

उपाय दोन, आणि दोन्ही एकत्र करायचे ठरलं. पहिला, वायसर पातळ करणं. क्लच आत किती परततो ते ॲक्सलवरच्या वायसर ठरवतात; वायसर जाड तेवढी गॅप कमी. किती काढायची हे अंदाजाने ठरवू नका. क्लच धरून ड्रायव्हर एक पूर्ण फेरा फिरवा आणि क्लच किती सरकला ते व्हर्नियरने मोजा. इथे फेऱ्याला 9 मिमी मिळाले, म्हणजे 40 अंशांना 1 मिमी, म्हणजे वायसरचा प्रत्येक मिलिमीटर बरोबर एक पिन. 1 मिमी काढून चार पिना झाल्या. तुमच्या ड्रायव्हरच्या आट्यांची चाल वेगळी असेल. वायसरच्या एकाच तयार पुडीत 0.2 मिमीपर्यंत फरक सापडला, तेव्हा प्रत्येक वायसर मोजूनच घाला. ॲक्सलवरच्या बेअरिंगच्या कोन-नटसाठी पातळ पाना लागतो. स्वस्तातले पत्र्याचे पाने पहिल्याच आवळण्यात तोंड वासतात.

दुसरा उपाय, स्प्रॉकेट. 22 वरून 20 की 18? वीसवर एक पिन कमी होते, म्हणजे हाफ-लिंक (एका पिनेची कडी) घाला, नाहीतर ॲक्सल सहा-साडेसहा मिलिमीटर सरकवा. 13.2 इंची मागच्या टोकाला (क्रँक ते मागचा ॲक्सल) एवढं सरकणं उभं राहिल्यावर लगेच जाणवतं. अठरावर मात्र दोन पिना जातात, एक पूर्ण जोडी. ॲक्सल जेमतेम अर्धा मिलिमीटर मागे गेला, बॅलन्स तोच राहिला. चार पिना आणि 18 दात, क्रँकवर 80 अंश. पकडणं जवळजवळ संपलं. सुरुवातीला पेडल मारताना आधी बराच वेळ पाय रिकामा फिरतो, पण फ्लॅटलँडला दोन-तीन पेडलचीच गरज, ते चालतं. चेनचा ताण बेतताना मधोमध बोटभर खेळ हवा, आणि क्रँक पूर्ण फिरवून सगळ्यात घट्ट जागी तो तपासा. 18 घेण्याआधी एक बघा: बोल्टवर चालणाऱ्या क्रँकमध्ये बोल्टची जागा एवढ्या लहान स्प्रॉकेटवर मावत नाही, स्प्लाइनवाला (मधल्या खाचांनी क्रँकच्या दांड्यावर बसणारा) स्प्रॉकेट लागतो. दात कमी म्हणजे झीजही लवकर.

पुढच्या टोकाबद्दल थोडक्यात, कारण तिथे सगळं सुरळीत आहे. हेड अँगल (स्टिअरिंगच्या नळीचा कल) 75 अंश, फोर्कचा ऑफसेट (ॲक्सल स्टिअरिंगच्या रेषेपुढे किती) शून्य. 15 मिमी ऑफसेटवर सरळ फोर्कचा ट्रेल (स्टिअरिंगची रेषा जमिनीला मिळते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) सुमारे 51 मिमी आणि फोर्क उलटा फिरवल्यावर सुमारे 82; शून्यावर दोन्हीकडे 67च्या आसपास. हँडल फिरवलं तरी बाइक स्वभाव बदलत नाही, ही या बिल्डमधली सगळ्यात सुखाची गोष्ट. पुढच्या 3/8 इंची ॲक्सलवर पेग बसवताना आतली बारीक अडॅप्टर वायसर विसरू नका, नाहीतर पेग एका बाजूला बसतो आणि नट ढिला होत राहतो. पुढे 15चा, मागे 14 मिमी ॲक्सलला 17चा लांब सॉकेट. टायरवर 110 पीएसआय लिहिलं असलं तरी रिमची मर्यादाही बघा.

परत क्रँककडे. "जवळजवळ संपलं" म्हटलं, कारण खूप उभ्या कोनात अजून अधूनमधून पकड लागते. गॅप पाच पिनांवर न्यायचा बेत होता. पण लिहिता लिहिता वाटतंय की रोग क्रँक फार मोकळी फिरण्यात आहे, तर तिथेच औषध का देऊ नये? फ्रीकोस्टरवर क्रँक फ्रेमसोबत कलायला हवी. बीबीत (क्रँक जिथे फिरते त्या बॉटम ब्रॅकेटमध्ये) थोडं घर्षण असणं इथे गुणच. बेअरिंगचं सील घट्ट असलेला बीबी आधी, आणि तेवढं पुरलं नाही तर क्रँकचा बॉस आणि बीबीचं झाकण यांच्यामध्ये पातळ ओ-रिंग, झाकणाला जेमतेम घासेल इतकी. बेअरिंगवर दाब येता कामा नये, म्हणून ओ-रिंगच्या जाडीएवढा स्पेसर काढावा लागेल. म्हणजे वायसर सध्या चार पिनांवरच. ओ-रिंग मागवण्याआधी स्पिंडल (क्रँकचा दांडा) 19 मिमीचं की 22चं ते मोजून घ्या, आणि टेपच्या खुणा काढू नका. क्रँक फ्रेमसोबत किती कलते ते त्यांच्यावरच बघायचंय.