हौदा आहे, डिकी नाही

आई आली त्या दिवशी पाऊस होता. मी, बायको, मुलगी आणि आई असे चौघं गाडीत. गाडी म्हणजे पुढे कार आणि मागे, डिकीच्या जागी, पिकअपसारखा माल टाकायचा हौदा. आईच्या दोन बॅगा मागे ठेवायच्या तर हौदा उघडा, आणि ताडपत्री घरी, छान घडी घालून कपाटात. मोठी बॅग मुलीच्या पायाशी कशीबशी कोंबली. छोटी आईच्या मांडीवर गेली. पाच मिनिटं ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "एवढी लांबलचक गाडी घेतलीस, आणि बॅग माझ्या मांडीवर?"

तेव्हा काही उत्तर सुचलं नाही. आता इथे देतोय.

मला सुतारकामाचा नाद आहे. पोट त्यावर नाही. आठवडाभर मी कॉम्प्युटरसमोरच असतो. पण सुट्टीच्या दिवशी प्लायवुड, जुनी दारं, कुणीतरी फेकून दिलेलं कपाट असलं काहीबाही आणत असतो. आधीच्या हॅचबॅकच्या सीटच्या फटींतून भुसा कधीच पूर्ण निघाला नाही. विकतानाही घेणाऱ्याने हात फिरवला आणि बोटं झटकली.

म्हणून एका मित्राची खरीखुरी पिकअप आठवडाभर मागून घेतली. शिडीसारखी चेसिस, त्यावर बसवलेली बॉडी, मागच्या चाकांवर पाटे. हे पाटे भरपूर वजन पेलण्यासाठी बनवलेले, आणि मागे माझं वजन काय, तर एक ड्रिल मशीन. रिकामी असताना त्या गाडीचं मागचं अंग प्रत्येक गतिरोधकावर उडायचं, आणि वळणावर खड्डा लागला की अर्धं पाऊल बाजूला सरकायचं. माल भरला की तीच गाडी शहाण्यासारखी चालायची. म्हणजे ऑफिसला जाताना रोज वाळू घेऊन जायला हवी होती.

माझी गाडी त्या जातीची नाही. तिच्यात चेसिस आणि बॉडी वेगळी नसते, सगळा सांगाडा कारसारखा एकच. फोर्डची मॅव्हरिक, ह्युंदाईची सांता क्रूझ, होंडाची रिजलाइन, सगळ्या याच जातीच्या. सांता क्रूझ ही ह्युंदाईच्याच टूसॉन कारची बहीण, रिजलाइन होंडाच्या पायलटची. चालवताना मागे हौदा आहे हे दहा मिनिटांत विसरायला होतं. आठवण येते ती पार्किंगमध्ये. यांतली मॅव्हरिक छोटी समजली जाते, तरी तिची लांबी पाच मीटरच्या वर जाते, आणि त्यातला सव्वा मीटरहून जास्त भाग असा, जिथे माणूस बसू शकत नाही.

आता माल. इथे माझी फजिती झाली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मॅव्हरिकची क्षमता साधारण ६८० किलो. ऐकायला भरपूर वाटतं, पण त्यात माणसंही धरायची असतात. सत्तर-सत्तर किलोची चार माणसं बसली की उरले ४०० किलो. हौद्यात जागा मात्र एका घनमीटरला थोडी कमी. तेवढ्या जागेत ओली माती काठोकाठ भरली तर वजन दीड टनाच्या आसपास जातं. म्हणजे हौदा दिसतो तेवढा भरायचा नसतो. माझ्या गाडीचे आकडे थोडे वेगळे आहेत, पण हिशेब हाच, आणि तो मी कागदावर शिकलो नाही. बागेसाठी माती आणायला गेलो, भरणारा फावड्याने टाकत राहिला, मी बघत राहिलो. परत येताना मागचं अंग बसलेलं, पुढचे दिवे झाडांच्या शेंड्यांवर, आणि स्टिअरिंग असं हलकं की जणू पुढची चाकं रस्त्याला नुसती शिवतायत. ही गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी आहे, तेव्हा मागे जास्त वजन टाकलं की नेमका ओढणाऱ्या चाकांवरचा भार कमी होतो. अर्ध्या वाटेत थांबून मी दोन पोती भरेल एवढी माती एका अनोळखी माणसाच्या कुंपणाशी, त्याला विचारून, उतरवली. तो खूश झाला.

प्लायवुडचं मात्र छान जमतं. आठ बाय चारची शीट माझ्या हौद्यात चाकांच्या उंचवट्यांमध्ये बसत नाही, त्यांच्यावर आडवी टाकावी लागते. फाळका अर्धवट उघडा अडकवला की तो त्याच उंचीला येतो आणि शीट सपाट राहते. मागे बाहेर आलेल्या टोकाला लाल फडकं बांधायचं. हॅचबॅकमध्ये हेच करायला मी दुकानातच शीट कापून घ्यायचो, आणि घरी आल्यावर चुकीच्या जागी कापली म्हणून हळहळायचो.

ही कल्पना नवी नाही. ऑस्ट्रेलियात फोर्डने १९३४ मध्ये कूपे, म्हणजे दोन दारांची कार, आणि हौदा एकत्र करून गाडी काढली, ल्यू बॅन्ट नावाच्या तरुण डिझायनरने आखलेली. एका शेतकऱ्याच्या बायकोने कंपनीला पत्र लिहिलं होतं म्हणे: रविवारी चर्चला जाता यावं आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता यावीत, अशी गाडी द्या. मला ही गोष्ट आवडते, पण त्या बाईंची एक सोय होती. त्यांचा रविवार आणि सोमवार वेगवेगळा होता. माझ्याकडे लॅपटॉपची बॅग, भाजी, मुलीचा तबला आणि रंगाचे डबे एकाच संध्याकाळी असतात. रंगाचे डबे हौद्यात. बाकी सगळं मागच्या सीटवर, माणसांच्या शेजारी. सिग्नलला थांबलो की नजर आरशातून हौद्याकडे जाते.

रिजलाइनमध्ये यावर उपाय आहे: हौद्याच्या तळाखाली कुलूपबंद डिकी. तिथून जड चेसिस जात नसल्यामुळे ती बसते. पण स्टेपनीही त्याच डिकीत, म्हणजे वर माल असताना चाक पंक्चर झालं तर आधी माल उतरवा.

त्यामुळे कुणी विचारलं की "घेऊ का?", तर मी उलट विचारतो, तू काय वाहून नेतोस? नुसतं मोठं असेल तर मोठ्या डिकीची कार बघ, सीट पाडली की पुष्कळ मावतं. नेतोस ते घाण, ओलं, वास मारणारं किंवा छताला टेकणारं असेल, आणि दर महिन्याला असेल, तर घे. वर्षातून दोनदा असेल तर भाड्याने टेम्पो बोलाव. "गाडी चालवायला जड जाईल का", ही भीती बहुतेकांना असते, आणि तीच सगळ्यात बिनबुडाची. जड जातं ते डिकी नसणं. रोज जातं.

आई परत गेल्यावर मी हौद्यात केबिनला लागून एक झाकणाची पेटी बसवली. प्लायवुडचीच, घरी केलेली, कडांना रबर लावलेली. दोन बॅगा मावतात, पाणी शिरत नाही. आईला फोनवर फोटो पाठवला तर म्हणाली, "म्हणजे डिकी केलीस."

फक्त लांब शीट आणायची असली की पेटी उतरवावी लागते, आणि ती एकट्याने उचलत नाही. शेजाऱ्याला हाक मारतो. तो लगेच येतो. त्यालाही नेमकं तेव्हाच कुठूनतरी काहीतरी आणायचं असतं.